तहान लागण्याआधी

“तहान लागल्यावर विहीर खणणे” ही म्हण आपण दुसऱ्यांना ऐकवतो आणि स्वतःच्या शरीराशी मात्र रोज तसेच वागतो. पहाटे घाईघाईत चहा, दुपारी भाकरीवर तांब्याभर पाणी, आणि दिवस मावळल्यावर घरी येऊन डोके धरून बसणे, असा कित्येक शेतकऱ्यांचा व मजुरांचा दिवस जातो. डोके दुखले की गोळी घ्यायची, पोटऱ्यांत गोळे आले की तेल चोळायचे, लघवीला जळजळ झाली की “उष्णता झाली” म्हणून सब्जा भिजत घालायचा. या तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा एकच गोष्ट असते. दिवसभरात शरीराला पुरेसे पाणी मिळालेले नसते.

“भरपूर पाणी प्यावे” हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. उपदेश खरा आहे, पण नुसत्या उपदेशाने सवय लागत नाही. पाणी पिण्याची सवय कामाच्या व्यवस्थेतच बसवावी लागते, आणि ज्याच्या शेतात, दुकानात किंवा घरात काम चालते, त्याने ती बसवून दिली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरत शहराच्या पूर्वेस पर्वत पाटिया आहे. गुजरातीत पाटिया म्हणजे गावाच्या नावाची पाटी असलेले वळण. आपण त्याला फाटा म्हणतो. आज तेथे कापडाचे बाजार, वसाहती आणि वाहनांची रीघ आहे. जवळच्या गोडादरा, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. कित्येकांची गावाकडे थोडीफार शेती असते आणि पेरणी-कापणीला त्यांच्या फेऱ्या चालू असतात. हाच रस्ता पुढे कडोदऱ्यावरून बारडोलीस जातो आणि तेथे उसाचा मुलूख लागतो. दिवाळीच्या सुमारास डांग, नंदुरबार, धुळे या भागांतून ऊसतोडीची कुटुंबे तेथल्या सहकारी साखर कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतात आणि उन्हाळ्यापर्यंत पडावावर राहतात. दोन माणसांची जोडी, बहुधा नवराबायको, म्हणजे एक कोयता, असा तेथला हिशेब.

म्हणजे एकाच गावचे दोघे भाऊ या रस्त्यावर भेटू शकतात. एक बाजारात कापडाचे गठ्ठे उचलतो, दुसरा उसात कोयता चालवतो. दोघांचीही मजुरी बहुधा कामाच्या मापावर ठरते. पाणी प्यायला थांबले की तेवढे पैसे बुडाले, असे दोघांनाही वाटते. त्यात सुरतेची हवा समुद्रामुळे दमट. घाम वाळला तरच अंग थंड होते. दमट हवेत तो नुसता गळतो, आणि अंग थंड होत नाही म्हणून शरीर आणखी घाम काढीत राहते.

घामावाटे गेलेले पाणी रक्तातून जाते. रक्तातले पाणी कमी झाले की हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात, आणि मूत्रपिंडे उरलेले पाणी राखण्यासाठी लघवी कमी व घट्ट करतात. तहान ही उशिरा येणारी हाक आहे. ती जाणवते तेव्हा पाणी घटलेलेच असते. कामाच्या तंद्रीत ती आणखी उशिरा कळते, आणि म्हातारपणी तर ती जाणवणेच मंदावते.

घट्ट लघवीत क्षारांचे खडे जमतात. इटलीतील डॉक्टरांनी १९९६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्यांदाच मुतखडा झालेल्या १९९ रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटास रोज किमान दोन लिटर लघवी होईल इतके पाणी पिण्यास सांगितले, दुसऱ्यास तसे काही सांगितले नाही. पाच वर्षांत पहिल्या गटातील ९९ पैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटातील १०० पैकी २७ जणांना. पाण्याला पैसे पडले नाहीत, आणि त्रास निम्म्याहून कमी झाला.

आपल्या आदिवासी बांधवांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नंदुरबार-धुळे आणि दक्षिण गुजरात येथील भिल्ल, पावरा, गामीत, चौधरी, वसावा अशा समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. यात रक्तातील लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. शरीरातले पाणी कमी झाले की त्या अधिक वाकतात, आणि हाडे फुटतील अशा वेदना सुरू होतात. अशा रुग्णाला पाण्याची बाटली औषधाइतकीच जपावी लागते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. ज्यांनी रक्त तपासले नसेल त्यांनी सरकारी दवाखान्यात तपासून घ्यावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाणी हवे हे कळत असूनही माणसे ते का पीत नाहीत?

पहिले कारण अंतराचे. माठ बांधावर झाडाखाली असतो आणि काम चालू असते शेताच्या दुसऱ्या टोकाला. दुसरे कारण मजुरीचे, ते वर आलेच. तिसरे कारण सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी बोलले जाणारे. बायका मुद्दाम पाणी पीत नाहीत. उसाच्या फडात, भाताच्या खाचरात, मिरचीच्या तोडणीवर त्यांना आडोसा नसतो. मळ्याचा मालक, मुकादम, ट्रॅक्टरवाला सारे पुरुष असतात. लघवीला जावे लागू नये म्हणून त्या सकाळपासून घशाला कोरड पडू देतात आणि अंधार पडण्याची वाट पाहतात. शहरातही अनेक खोल्यांत मिळून एकच संडास असला, तर घरी बसून साड्यांचे धागे कापणाऱ्या बाईची तीच गत होते. घोटभर पाणी पिताना आधी मागचा विचार करावा लागतो. मग लघवीचे विकार, जळजळ, ताप, पोटदुखी मागे लागतात, आणि लाजेपोटी दवाखानाही लांबतो. अशा बाईला “ताई, पाणी जास्त पीत जा” असे सांगणे म्हणजे भुकेल्याला “जेवत जा” असे सांगण्यासारखे आहे.

कोणी शेतकरी म्हणेल, “मजूर तासातासाला पाणी प्यायला बसले तर माझे काम कधी उरकणार?” प्रश्न रास्त आहे, कारण लहान शेतकऱ्याला मजुरीचा दिवस महाग पडतो. त्याला उत्तर दूरच्या एका उसाच्या देशातून मिळते. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर व निकाराग्वा या देशांत गेल्या काही दशकांत हजारो ऊसतोड मजूर मूत्रपिंडे निकामी होऊन मरण पावले. त्यांत मधुमेह नाही, रक्तदाब नाही अशी भर तारुण्यातली माणसे होती. भर उन्हातले कष्ट आणि अपुरे पाणी यांकडे तज्ज्ञांनी बोट दाखविले. मग एल साल्वादोरमध्ये २०१४-१५ च्या हंगामात एका लहान गटावर प्रयोग झाला. प्रत्येकाच्या पाठीवर तीन लिटर पाण्याची पिशवी दिली, शेतात हलवता येईल असा तंबू उभारला, विसाव्याच्या वेळा ठरवल्या आणि तोडणीचे हत्यारही सुधारून दिले. माणशी रोजची तोड पाच टनांच्या आसपास होती, ती सात टनांच्या वर गेली. यात चांगल्या हत्याराचाही वाटा आहे हे खरे. परंतु पाणी प्यायला थांबल्याने काम बुडते, ही भीती तेथे तरी खोटी ठरली.

आपल्याकडचा धडाही फार जुना नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांवर गेला. नंतरच्या अभ्यासात त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे १,३०० मृत्यू अधिक झाल्याचे दिसून आले. त्यातून २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेच्या लाटेसाठी आराखडा तयार केला. त्यात आगाऊ इशाऱ्याबरोबर पिण्याच्या पाण्याची सोयही धरलेली आहे.

वाटसरूला पाणी देणे हे आपल्या लोकांना शिकवावे लागत नाही. आपण ज्याला पाणपोई म्हणतो, तिला गुजराती बंधू परब म्हणतात. उन्हाळ्यात रस्तोरस्ती माठ मांडले जातात आणि अनोळखी माणूस तृप्त होऊन पुढे जातो. मग आपल्याच बांधावर दिवसभर राबणाऱ्याने पाणी घरून आणावे, ही रीत कशी काय पडली? रस्त्यावरच्या पाणपोईचे पुण्य घेण्याआधी शेतातली पाणपोई मांडली पाहिजे.

ती कशी मांडावी याचा हिशेब सोपा आहे. उन्हात कष्टाचे काम करणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला पाणी घ्यावे, म्हणजे तासाला पाऊण ते एक लिटर होते. दहा माणसे सहा तास काम करणार असतील, तर ४५ ते ६० लिटर पाणी लागेल. मोठे चार हंडे म्हणा. ते काम चालेल तसे पुढे सरकले पाहिजेत. शेताच्या कोपऱ्यात चार बांबू रोवून बारदान गुंडाळावे, आत पाण्याची बादली ठेवावी. झाला आडोसा. खर्च एका दिवसाच्या मजुरीइतकाही येणार नाही, आणि बायका निर्धास्तपणे पाणी पितील.

पाणी स्वच्छ असावे हे सांगणे नकोच. कालव्याचे पाणी तसेच पिऊ नये. तुरटीने गाळ खाली बसतो, पण जंतू मरत नाहीत. त्यासाठी पाणी उकळावे किंवा क्लोरीनची गोळी मापाने टाकावी. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. औषध फवारणीचा रिकामा डबा कितीही वेळा धुतला, तरी त्यात पिण्याचे पाणी कधीही भरू नये.

आता स्वतःच्या सवयीविषयी. लंडनमधील एका विद्यापीठातील संशोधकांनी ९६ जणांना रोजची एक साधी गोष्ट ठरवून करायला सांगितली. न्याहारीनंतर पेलाभर पाणी पिणे अशा त्या गोष्टी होत्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ती गोष्ट आपोआप घडू लागायला साधारण ६६ दिवस लागले. कोणाला तीन आठवड्यांहूनही कमी, कोणाला आठ महिन्यांहून अधिक. मधे एखादा दिवस चुकला तरी सवय मोडली नाही. सवय लागली ती ठरलेल्या खुणेला बांधल्यामुळे.

शेतकऱ्याच्या दिवसात अशा खुणा मुबलक आहेत. उठल्यावर चूळ भरली की एक पेला. गोठा झाडून झाला की एक. कामाला निघताना एक. त्यानंतर प्रत्येक तास (भाजीच्या ओळीला आपण तास म्हणतो तो) संपला की दोन घोट. देवळाची दुपारची घंटा झाली की एक पेला, जेवताना एक, संध्याकाळच्या घंटेला एक. उपवासकाळ ऐन उन्हाच्या तोंडावर येतो. त्याच्या पहिल्या दिवशी आरंभ केला, तर पुनरुत्थान सणानंतर महिनाभरात सवय अंगवळणी पडेल. अन्नाचा उपवास जरूर करावा, पण राबणाऱ्याने पाण्याचा करू नये.

साध्या कामाच्या माणसाला अन्नातले व चहा-ताकातले धरून दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी बहुधा पुरते. मुतखडा होऊन गेलेल्याला जास्त लागते. लघवी फिकट पिवळी असली तर ठीक, गडद झाली तर पाणी कमी पडले असे समजावे. सिकलसेलच्या रुग्णाने मात्र रंगावर विसंबू नये, कारण त्याची लघवी पाणी कमी असतानाही फिकट राहते. ताक, आंबील, पन्हे ही आपली पेये उत्तम; त्यांत मीठही मिळते. दारूने मात्र शरीरातले पाणी आणखी जाते.

अतिरेकही टाळावा. तासाला दीड लिटरपर्यंत पाणी कधीही ढोसू नये. रक्तातले मीठ फार पातळ होते व त्याने जीवही जाऊ शकतो. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल त्याने डॉक्टरांनी सांगितलेले माप पाळावे. हगवण लागली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजावे. उन्हात कोणी बरळू लागला किंवा कोसळला, तर सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा व १०८ वर फोन करावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

बंधुभगिनींनो, उद्या सकाळी मजूर कामावर येतील तेव्हा कोयते आणि विळे मोजण्याआधी हंडे मोजा. आणि तुम्ही स्वतः मजुरीला जात असाल, तर मुकादमाशी दर ठरवताना पाणी, सावली आणि बायकांच्या आडोशाचेही ठरवून घ्या. ते मागण्यात कमीपणा नाही. जनावराला दावणीला बांधताना आपण आधी त्याचे पाणी पाहतो. माणसाचे तर आधी पाहायलाच हवे.