घरातली तालीम : बिनराखेची कुंडी



गेल्या महिन्यात चार दिवस आपाकडे एकलहऱ्याला जाऊन आले. नाशिकरोडपासून जवळच, गोदावरीच्या काठचं हे गाव. औष्णिक वीज केंद्रामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. आपाच्या गॅलरीतून केंद्राच्या उंच चिमण्या दिसतात. २१० मेगावॅटचे तीन संच इथे कोळशावर उभारले गेले. कोळसा जळला की राख उरते, आणि ती थोडीथोडकी नसते. तिच्या विटा होतात, ती सिमेंटमध्ये जाते. तरी या भागातल्या बायकांच्या बोलण्यात राखेचा विषय निघतोच.

माझी भाची आठवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने हाच विषय घेतला होता. मी पोहोचले तेव्हा गॅलरीत एक कुंडी होती, तिच्यात हिरवीगार मेथी. भाची म्हणाली, "खाला, मातीत राख मिसळली आणि बघा कशी तरारली! राख हे चांगलं खत आहे, हे सिद्ध झालं."

मी विचारलं, "राख घातली नसती तर किती वाढली असती?"

ती कुंडीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ते कसं कळणार?"

बहिणींनो, आपल्या मुलांचे बहुतेक प्रयोग इथेच अडतात. तक्ता रंगीत असतो, मॉडेलला दिवे लावलेले असतात, पण तुलना कशाशी करायची याचा पत्ता नसतो. मेथी साध्या काळ्या मातीतही तरारून येते. एका कुंडीवरून राखेला शाबासकीही देता येत नाही आणि दोषही देता येत नाही.

प्रदर्शनाला तीन आठवडे होते. आम्ही पुन्हा सुरुवात केली.

आधी वहीत एक वाक्य लिहिलं : "मातीत जितकी राख जास्त, तितकी मेथी चांगली उगवेल." याला गृहीतक म्हणतात. गृहीतक म्हणजे नुसता प्रश्न नाही आणि सिद्ध झालेलं सत्यही नाही. तो आपला अंदाज असतो, पण असा मांडलेला की चुकला तर चुकला हे स्पष्ट दिसावं. "राख उपयोगी असू शकते" हे वाक्य कधी चुकणारच नाही, म्हणून ते प्रयोगाच्या कामाचं नाही.

मग तीन रकाने आखले. पहिला, आपण मुद्दाम बदलणार ती गोष्ट : राखेचं प्रमाण. दुसरा, आपण मोजणार ती गोष्ट : किती बिया उगवल्या आणि रोपांची उंची किती. तिसरा, सारख्या ठेवायच्या गोष्टी : माती, बियांची संख्या, पाणी, ऊन, डब्यांचा आकार. शाळेत या बदलू शकणाऱ्या गोष्टींना चल म्हणतात, इंग्रजी माध्यमात व्हेरिएबल. नाव कुठलंही घ्या, नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

श्रीखंडाचे रिकामे डबे गोळा केले, बारा. प्रत्येकाच्या तळाला सारखी भोकं पाडली. तीन डब्यांत नुसती माती. तीनमध्ये दहा भागांत एक भाग राख, तीनमध्ये चार भागांत एक, आणि उरलेल्या तीनमध्ये निम्मी राख. प्रत्येकात दहा-दहा बिया. पाणी खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजून. गॅलरीच्या एका टोकाला ऊन जास्त येतं, म्हणून डब्यांच्या जागा रोज बदलायच्या. कोरडी राख नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला ओढणी बांधून ती मिसळली. आणि ही मेथी खायची नाही हेही ठरलं, कारण कोळशाच्या राखेत जड धातूंचे अंश असू शकतात.

एका प्रमाणाचे तीन डबे का? एखाद्या डब्यात चिमणी बिया टिपून गेली तर बाकीचे दोन साक्षीला राहतात.

ज्यांत राख नाही ते तीन डबे म्हणजे नियंत्रण गट. भाचीला ते उगाच वाटत होते. "खाला, त्यांत तर काहीच केलं नाही!" मी म्हटलं, "म्हणूनच ते सगळ्यात महत्त्वाचे. बाकीचे नऊ डबे काय बोलतात ते याच तिघांमुळे समजणार."

रात्री तिला दोन गोष्टी सांगितल्या. हजार वर्षांहून आधी, नवव्या-दहाव्या शतकात, रय शहरात अबू बक्र अल-राझी नावाचे मोठे हकीम होते. मेंदूच्या एका आजारात रक्त काढल्याने फायदा होतो का, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी काही रुग्णांचं रक्त काढलं आणि काहींचं मुद्दाम काढलं नाही, म्हणजे तुलना करता यावी. त्यांचा निष्कर्ष रक्त काढण्याच्या बाजूने होता. आज कोणी डॉक्टर या आजारात तसं करणार नाही. म्हणजे उत्तर टिकलं नाही, पण "दुसऱ्या गटाचं काय झालं?" हे विचारण्याची रीत टिकली.

दुसरी गोष्ट आपल्या मुंबईची. १८९६ मध्ये तिथे प्लेग आला. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी तयार झाले त्यांना लस दिली, बाकीचे तसेच राहिले. एकच छप्पर, एकच जेवण, एकच साथ. पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्यांत लागण आणि मृत्यू, दोन्ही बरेच जास्त झाले. आज असा प्रयोग करताना कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात, म्हणजे धडधाकट माणसं एकाच बाजूला जमत नाहीत. लोक लशीला घाबरत होते, तेव्हा आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांनी सर्वांसमोर स्वतः लस टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आज त्याच डॉक्टरांच्या नावाने आहे.

मी घरी परतले. पंधराव्या दिवशी भाचीचा फोन आला, आवाज रडवेला. निम्म्या राखेच्या डब्यांत सगळ्यात कमी बिया उगवल्या होत्या आणि रोपं पिवळट होती. एक दशांश राखेची मेथी नुसत्या मातीतल्या मेथीइतकीच. "खाला, माझं गृहीतक चुकलं. मैत्रीण म्हणते आकडे थोडे बदल, कोण मोजायला येतंय?"

मी तिला एवढंच म्हटलं, "बेटा, वही ही अमानत आहे. जे दिसलं तेच लिही. अंदाज चुकला, प्रयोग चुकलेला नाही." पिकाला नत्र लागतं आणि कोळशाच्या राखेत ते जवळजवळ नसतंच. निम्मी माती काढून राख भरली की रोपाचं पोषण घटणारच. हे कारणही तिने पुस्तकातून शोधलं आणि "असं असावं" म्हणून वहीत लिहिलं. ते सिद्ध करायला वेगळा प्रयोग लागेल, हेही खाली लिहिलं.

बक्षीस मिळालं नाही. पण त्याच आठवड्यात घरात वेगळीच गोष्ट घडली. दादींना, म्हणजे आपाच्या सासूबाईंना, बरीच वर्षं शुगर आहे. महिनाभर रोज सकाळी भिजवलेल्या मेथीचं पाणी घेतलं आणि तपासणीत शुगर कमी आली. दादी खुश. म्हणाल्या, "आता गोळी बंद. मेथीनेच काम झालं."

भाची डबे धूत होती. तिथूनच म्हणाली, "दादी, या महिन्यात तुम्ही चहातली साखरही सोडली ना? आणि अब्बूंबरोबर रोज चालायलाही जाता. तीन गोष्टी एकदम बदलल्या. मग मेथीनेच झालं हे कसं ठरवलं? आणि गोळीही चालूच होती."

दादी थोड्या रागावल्या, मग गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी दुल्हेभाई त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, चालणं ठेवा, साखर नको, मेथी घ्यायची तर घ्या, पण गोळी माझ्या सांगण्याशिवाय बंद करायची नाही. आपाने फोनवर हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, प्रदर्शनाचं बक्षीस यापेक्षा मोठं काय असतं?

एक खबरदारी मात्र ध्यानात ठेवा. मेथीच्या डब्यावर प्रयोग करावा, घरातल्या आजारी माणसावर करू नये. औषध थांबवून "बघू काय होतं" हा प्रयोग नाही, धोका आहे.

या महिन्यात मुलांबरोबर एवढं करा. मटकीला मोड कापडात बांधून लवकर येतात की उघड्या वाटीत? आधी अंदाज लिहून घ्या. मटकी एकच, भिजवायचा वेळ एकच, ठेवायची जागा एकच. दर चार तासांनी मोजा आणि दिसेल तेच लिहा. आणि पुढच्या वेळी कुणी "अमुक केलं म्हणून तमुक झालं" असं सांगितलं, तर मुलांना अदबीने विचारायला शिकवा : "आणि ज्यांनी ते केलं नाही, त्यांचं काय झालं?"

खुदा हाफिज.