भाकरीचे रान राखा, भावाची लढाई सोडू नका



श्रीलंका हे बेट. चहूबाजूंनी समुद्र, आत भाताची शेती. एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या सरकारने रासायनिक खतांची आयात एका हुकमाने बंद केली. भाताचे पीक बसले. घरचा तांदूळ खाणाऱ्या देशाला तो बाहेरून आणावा लागला. नोव्हेंबरमध्ये हुकूम मागे घेतला, पण नुकसान झाले ते शेतकऱ्याचे. २०२२ मध्ये परकीय चलन संपले आणि रॉकेलअभावी मासेमारीच्या होड्या किनाऱ्यावर पडून राहिल्या. भोवती समुद्र आणि ताटात मासळी नाही!

दुसरे बेट क्यूबा. साखर द्यायची आणि तेल-धान्य घ्यायचे, असा त्यांचा रशियाशी व्यवहार. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि तो व्यवहार बुडाला. लोकांनी शहरातल्या पडीक जागांवर भाजीपाला लावला. शेवटी १९९४ मध्ये सरकारलाही शेतकऱ्याला खुल्या भावाने माल विकू द्यावा लागला.

बीबीच्या माणसाला या बेटांचे काय? आम्ही म्हणतो, आपले गावही बेटच आहे. चहूबाजूंनी पऱ्हाटी आणि सोयाबीन, मध्ये घरे, आणि घरात दुकानातून आणलेले पीठ. मार्च २०२० च्या टाळेबंदीत कापसाची खरेदी थांबली, तेव्हा घराघरात कापूस पडून होता. कापूस विकता येईना आणि खाता तर येतच नाही. कणगीत ज्वारी असलेले घर तेवढे निर्धास्त होते.

ज्वारी गेली ती शेतकरी आळशी झाला म्हणून नव्हे. रोही आणि रानडुकरे रात्रीत फडशा पाडतात. काढणीला पाऊस आला की कणीस काळे पडते आणि व्यापारी भाव पाडून मागतो. त्यात जानेवारी २०२३ पासून रेशनचा गहू-तांदूळ फुकट. फुकटाशी स्पर्धा कोण करणार? २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये. पण खरेदी केंद्रच उघडले नाही तर तो आकडा चाटायचा काय?

१९९१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या शेगावला शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली. सीताशेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती अशी तिची चार अंगे. सीताशेती म्हणजे घरच्या लक्ष्मीच्या हाती थोडे रान आणि त्यात घरापुरते अन्न. आज जो तो शेतकऱ्याला 'स्वतःपुरते पिकवा' असे शिकवतो आणि बाकीची तीन अंगे सोयीस्करपणे विसरतो. आम्ही ती विसरणार नाही. पोटापुरते पिकवून गप्प बसायचे, यासाठी ही शेती नाही. कणगी भरलेली असली की शेतकरी चार महिने कापूस रोखून धरू शकतो. जो उद्याच्या पिठासाठी आज माल विकतो, त्याला भाव मागताच येत नाही. भाकरीचे रान हे भावाच्या लढाईतले हत्यार आहे.

म्हणून जिल्हा मेळाव्यात आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत.

एक, प्रत्येक घराने अर्धा एकर तरी ज्वारी, तूर, मूग, अंबाडीला ठेवावा आणि त्याचा हिशेब घरच्या बाईच्या हाती द्यावा. ज्याच्या शेततळ्यात पाणी टिकते, त्याने रोहू-कटला सोडून पाहावे.

दोन, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्यही आहे. तेव्हा या जिल्ह्याच्या रेशनवर इथलीच ज्वारी द्यावी आणि ती इथल्याच शेतकऱ्याकडून हमीभावाने घ्यावी.

तीन, रोही-डुकरांचा बंदोबस्त सरकारने करावा. जनावरे सरकारची आणि नासाडी आमची, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

१९७२ च्या दुष्काळात रेशनवर रांग लावून तांबडी मिलो खाल्लेली माणसे अजून गावागावात आहेत. मेळाव्याला येण्याआधी त्यांच्याजवळ घटकाभर बसा.