साथीदार की भाडोत्री बंदूक?

टर्न-बेस्ड गेम म्हटलं की मंडळी अ‍ॅक्शन पॉइंट आणि कव्हरवरच बोलत बसतात. मला विचाराल तर सायबरपंकमध्ये तरी गेमला तारतात ते साथीदार. 'शॅडोरन रिटर्न्स'मध्ये (२०१३) बहुतेक वेळा पैसे मोजून माणसं घ्यायची आणि मिशन संपलं की रामराम. कोण मेलं तेही लक्षात राहत नाही. 'ड्रॅगनफॉल'मध्ये (२०१४) इंजिन तेच, पण बर्लिनमधली टोळी कायमची. सुरुवातीलाच म्होरकी मोनिका मरते, सूत्रं तुमच्याकडे येतात आणि माजी सैनिक असलेली आयगर तुमच्या नेतृत्वावर उघड शंका घेते. विश्वास आयता मिळत नाही, कमवावा लागतो. ग्लोरी तर स्वतःबद्दल बोलायलाच किती वेळ घेते!

शॅडोरनच्या जगात सरकारी ओळख क्रमांक नसलेला माणूस म्हणजे जणू नाहीच. आपल्याकडे उलटा मामला. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात सीमावादातली १४ गावं आहेत. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं दोन राज्यांची मतदार कार्डं बाळगली, एक महाराष्ट्राचं आणि एक तेलंगणाचं (त्याआधी आंध्रचं). असा एखादा साथीदार टोळीत असता तर? ओळख नसल्याचं रडगाणं ऐकून त्यानं दोन्ही कार्डं टेबलावर आपटली असती. निऑनच्या पाट्या कमी असल्या तरी चालतील राव, हा गडी कुणी लिहिला तर गेम पहिल्याच दिवशी विकत घेईन.