राहण्यायोग्य शहरात चालायचे कुठून?

केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये देशातील १११ शहरांची राहण्यायोग्यतेच्या निकषांवर क्रमवारी जाहीर केली, तेव्हा पुणे पहिले आले. पाठोपाठ नवी मुंबई आणि बृहन्मुंबई होती. पुण्याच्या स्वभावाला अनुसरून या बातमीचे कौतुकही झाले आणि टिंगलही. मार्च २०२१ मध्ये जाहीर झालेल्या पुढच्या क्रमवारीत दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत बेंगळुरू पहिले आणि पुणे दुसरे ठरले. अशा क्रमवारीत पाणी, वीज, शिक्षण, आरोग्य, रोजगार अशा अनेक गोष्टींचे गुण मोजले जातात आणि त्यांतील बऱ्याच बाबतींत पुणे खरोखरच उजवे आहे. मात्र शहर राहण्यायोग्य आहे की नाही, हे पाहण्याची एक साधी कसोटी कोणत्याही नागरिकाला स्वतः लावता येते. सत्तर वर्षांच्या गृहस्थाने किंवा दहा वर्षांच्या मुलाने घरातून निघून जवळच्या बसथांब्यापर्यंत कोणाचाही हात न धरता पायी जाऊन दाखवावे. या कसोटीवर पुण्याला किती गुण मिळतील, हे सांगण्यासाठी तज्ज्ञांची गरज नाही.

पुण्यातल्या कोणत्याही मध्यम वर्दळीच्या रस्त्यावर पदपथ असा सलग फारसा आढळत नाही. पन्नास पावले चालल्यावर विजेचा डीपी लागतो, त्याला वळसा घालून पुढे जावे तर एखाद्या इमारतीच्या वाहनतळाचा उतार पदपथ कापून रस्त्यावर आलेला असतो. त्यापुढे झाडाचे आळे, मग रांगेने उभ्या केलेल्या दुचाकी, मग खोदाई झाल्यानंतर तसाच पडलेला राडारोडा. निखळलेल्या पेव्हर ब्लॉकखाली पावसाळ्यात साचलेले पाणी पाय ठेवताच अंगावर उडते, हा अनुभव तर शहराच्या सर्व भागांत समान वाटलेला आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. दोन चाकांच्या खुर्च्या समोरासमोर आल्या तरी एकमेकींना ओलांडून जाऊ शकतील, असा त्यामागचा हिशेब आहे. पदपथाच्या कडेची उंचीही १५० मिलिमीटरपेक्षा अधिक असू नये, असे त्यात म्हटले आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ती इतकी असते की गुडघे दुखणारा माणूस पदपथावर चढण्यापेक्षा रस्त्यावरूनच चालणे पसंत करतो. मग 'पदपथ असूनही लोक वापरत नाहीत' अशी तक्रार त्याच्याच नावावर नोंदवली जाते.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ३२ हजार ८२५ जण पादचारी होते. म्हणजे दररोज सुमारे नव्वद माणसे, आणि तीही ज्यांच्या हाती स्टिअरिंग नव्हते किंवा हँडल नव्हते अशी. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले, त्याला ही पार्श्वभूमी आहे. वस्तुतः रस्त्यांची देखभाल करणे आणि त्यांवरील अडथळे दूर करणे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या ६३व्या कलमानुसार पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. १९४९ पासून जे कायद्यात लिहिलेले आहे, त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागावे, यातच सारे आले.

पुण्याच्या बाबतीत अधिक खटकणारी बाब अशी, की येथे धोरणांची कमतरता कधीच नव्हती. वाहनांऐवजी माणसांची ने-आण केंद्रस्थानी ठेवणारे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण २००६ मध्ये आले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये पुण्याने कात्रज-स्वारगेट मार्गावर बीआरटी सुरू करून दाखवली. २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र करून पीएमपीएमएल स्थापन झाली. २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर झाले, त्यानंतर सायकल आराखडा आला आणि २०१८ मध्ये वाहनतळ धोरणही आले. स्मार्ट सिटी स्पर्धेच्या पहिल्या यादीत, जानेवारी २०१६ मध्ये, पुणे भुवनेश्वरच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकावर होते. देशातील अन्य शहरांनी उचलून न्यावीत अशी कागदपत्रे या शहराने तयार केली. त्यांचे पुढे काय झाले? नगर रस्त्यावरील बीआरटी मार्ग २०२३ पासून टप्प्याटप्प्याने उखडण्यात आला. भाड्याच्या सायकली पुरवण्यासाठी मोठ्या गाजावाजाने आलेल्या कंपन्यांनी अल्पावधीतच गाशा गुंडाळला. वाहनतळ धोरण तर प्रायोगिक म्हणून अवघ्या पाच रस्त्यांपुरते आखडले गेले आणि तेथेही वर्षानुवर्षे रखडले.

याची कारणे शोधताना पुणेकरांच्या बेशिस्तीवर बोट ठेवण्याची पद्धत आहे. ती सोयीची असली तरी अपुरी आहे. खरे कारण पैशाच्या व्यवहारात दडलेले आहे. गेल्या दोन दशकांत शहरांकडे जो मोठा निधी आला, मग तो जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानातून असो, स्मार्ट सिटी अभियानातून असो वा मेट्रोसाठी असो, तो प्रामुख्याने बांधण्यासाठी होता. बांधलेले चालवण्याची आणि राखण्याची तरतूद शहराने आपल्या महसुलातून करावी, अशी अपेक्षा होती. उड्डाणपुलाचे भूमिपूजन होते, उद्घाटन होते, छायाचित्रे निघतात. निखळलेला ब्लॉक पुन्हा बसवण्याचे उद्घाटन कोणी करत नाही. साहजिकच अंदाजपत्रकात नव्या कामांच्या तरतुदी फुगतात आणि देखभालीच्या रकमा, टंचाई आली की सर्वांत आधी छाटल्या जातात.

विद्यापीठ चौकाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथील कोंडी सोडवण्यासाठी बांधलेला उड्डाणपूल दीड दशकाच्या आतच, जुलै २०२० मध्ये, पाडावा लागला, कारण त्याच जागी मेट्रो आणि दुमजली उड्डाणपूल उभारायचा होता. एक पूल बांधला, तो पाडला, दुसरा बांधायला घेतला. या साऱ्या काळात त्या चौकातून पायी जाणाऱ्याने रस्ता नेमका कोठून ओलांडायचा, हा प्रश्न मात्र मार्गी लागलेला नव्हता.

बससेवेचीही हीच कथा आहे. केंद्राने ठरवलेल्या सेवास्तरांनुसार दर हजार लोकसंख्येमागे ०.६ किंवा अधिक बस असतील, तर त्या शहराची सेवा सर्वोत्तम श्रेणीत धरली जाते. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची लोकसंख्या मिळून सुमारे ४८.५ लाख होती. म्हणजे तेव्हाच्याच लोकसंख्येसाठी सुमारे २ हजार ९०० बस हव्यात. पीएमपीचा ताफा वर्षानुवर्षे दोन हजारांच्या आसपास घुटमळतो आहे आणि लोकसंख्या काही २०११ मध्ये थांबलेली नाही. बस वाढवण्याचा विषय निघाला, की 'तोटा' हा शब्द पुढे येतो. दोन्ही महापालिका ६० आणि ४० टक्के या प्रमाणात ही संचलन तूट भरतात आणि दरवर्षी त्यावर चर्चा रंगते. उड्डाणपुलावरून जाणारा मोटारचालक एक पैसाही देत नाही, तरी त्या पुलाला कोणी तोट्यातला म्हणत नाही, हा हिशेबातला भेद कोणालाच खटकत नाही. १ जून २०२५ पासून बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. मध्यवर्ती पेठांत दहा रुपयांत दिवसभर फिरवणारी छोट्या बसची 'पुण्यदशम' योजना जुलै २०२१ मध्ये सुरू झाली, तेव्हा अरुंद रस्त्यांवर काय चालू शकते याचे ते उत्तम प्रात्यक्षिक होते. तो धडा सर्व उपनगरांपर्यंत न्यायला हवा होता.

दुसरे कारण जबाबदारीच्या विभागणीचे आहे. रस्ता पालिकेच्या पथ विभागाचा, त्यावरील डीपी महावितरणचा, सिग्नलची वेळ वाहतूक पोलिसांच्या हाती, थांबा पीएमपीचा, पथारी हटवायची ती अतिक्रमण विभागाने आणि जलवाहिनीसाठी खोदाई करायची ती पाणीपुरवठा विभागाने. मेट्रोच्या खांबांभोवतीचा पदपथ कोणाचा, यावरही पत्रव्यवहार होऊ शकतो. महापालिकेच्या हद्दीबाहेर पाऊल टाकले, की २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पीएमआरडीएचा अंमल सुरू होतो. एवढ्या यंत्रणांमध्ये पदपथ सलग राहावा, ही जबाबदारी नेमकी कोणाची, हे एका नावाने सांगता येत नाही.

पथारीवाल्यांचा उल्लेख येथे ओघाने आला. पदपथावरील अतिक्रमण म्हटले की कारवाईची गाडी प्रथम त्यांच्याकडे वळते. मात्र रस्त्याकडेला फुले, भाजी किंवा वडापाव मिळतो म्हणून अनेक रस्ते रात्री दहापर्यंत जागते आणि म्हणून सुरक्षित राहतात. त्यांचे नियोजन कसे करायचे, याची व्यवस्था २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात आहे. पदपथावर चढवलेली दुचाकी आणि दुकानासमोर कायमची लावलेली मोटार यांच्यासाठी मात्र कारवाईचा तोच उत्साह क्वचित दिसतो. सार्वजनिक जागेत खासगी वाहन फुकट ठेवणे हा जणू अधिकारच झाला आहे आणि त्याला हात घालण्याची तयारी कोणत्याच पक्षाची नाही. पाच रस्त्यांवर अडकलेल्या वाहनतळ धोरणाचे खरे दुखणे हेच आहे.

नव्याने वाढलेल्या भागांत परिस्थिती आणखी चमत्कारिक आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. धायरी, मांजरी, वाघोली, सूस, म्हाळुंगे येथे बहुमजली गृहसंकुले उभी राहिली, त्यांना जोडणारे रस्ते मात्र मूळ गावाच्या गरजेपुरतेच राहिले. संकुलाच्या फाटकाच्या आत हिरवळ, मुलांसाठी घसरगुंडी, ज्येष्ठांसाठी चालण्याचा मार्ग आणि बाके असतात. फाटकाबाहेर टँकर, डंपर आणि डांबराची तुटलेली कड. अर्ध्या किलोमीटरवरील शाळेत मुलाला मोटारीने सोडावे लागते आणि ती मोटार पुन्हा त्याच रस्त्यावरील कोंडीत भर घालते. फाटकाच्या आतले राहण्यायोग्य शहर मासिक देखभाल शुल्क भरून विकत घेता येते. त्याच संकुलात घरकामाला येणाऱ्या बाईला ते मिळत नाही. तिला सकाळ-संध्याकाळ डंपरच्या बाजूनेच चालावे लागते.

मेट्रोमुळे हा प्रश्न सुटेल, असे सांगितले जात होते. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतची सेवा सुरू झाल्यावर पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी हे सुमारे ३३ किलोमीटरचे जाळे पूर्ण झाले. सेवा चांगली आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु मेट्रोचा प्रत्येक प्रवासी प्रवासाच्या दोन्ही टोकांना पादचारीच असतो. स्थानकाच्या सरकत्या जिन्यावरून उतरलेल्या प्रवाशाला पहिल्या शंभर पावलांतच रिक्षांची गर्दी आणि तुटका पदपथ भेटला, तर तो पुढच्या महिन्यात पुन्हा दुचाकी काढतो. काही हजार कोटींच्या गुंतवणुकीचे यश अशा रीतीने काही लाखांच्या पदपथावर अवलंबून राहते.

शहराला हे करता येत नाही असे नाही. जंगली महाराज रस्ता त्याचा पुरावा आहे. १९७० च्या दशकात दहा वर्षांच्या हमीवर बांधलेल्या या रस्त्याला पुढची कित्येक दशके खड्डा पडला नाही, ही कथा प्रत्येक पुणेकराने एकदा तरी सांगितलेली असते. त्याच रस्त्यावर स्मार्ट सिटीच्या काळात पदपथ रुंद झाले, बसायला बाके आली, मुलांना खेळायला जागा मिळाली. संध्याकाळी तेथे आजी-आजोबा, महाविद्यालयीन मुले आणि लहान मुलांना घेऊन आलेली कुटुंबे एकाच वेळी दिसू लागली. शहरी जीवनाचा दर्जा सुधारणे म्हणजे काय, हे समजून घ्यायला त्याहून चांगली जागा नाही. मात्र तेथील सायकलमार्गावरही दुचाकी उभ्या राहू लागल्या आणि रुंद पदपथ हा शहराचा नियम न होता अपवाद म्हणूनच राहिला.

११ डिसेंबर २०२१ पासून पालिका पादचारी दिन साजरा करते. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांसाठी बंद ठेवला जातो. व्यापाऱ्यांची सुरुवातीची धाकधूक बाजूला ठेवली, तर त्या दिवशीची गर्दी कोणत्याही दुकानदाराला हवीशी वाटावी अशी असते. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता पुन्हा पूर्ववत होतो.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपल्यानंतर जवळपास चार वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. पदपथ तुटला तर जाब कोणाला विचारायचा, याला तेव्हा उत्तरच नव्हते. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली आणि १६५ नगरसेवकांचे सभागृह पुन्हा अस्तित्वात आले. प्रभाग बहुतेक ठिकाणी चार सदस्यांचे आहेत. घरासमोरच्या त्या दोनशे मीटरसाठी आता विचारायला चार माणसे आहेत. चौघांपैकी प्रत्येकाला उरलेल्या तिघांकडे बोट दाखवता येते, ही सोयही त्याबरोबर आली आहे.