पोटातल्या पंपाची कैफियत

कण्यात औषध सोडणाऱ्या पंपाचा विषय निघाला की दोन ठरलेली मतं कानावर येतात. एक पक्ष म्हणतो, हे पोटात अफूचं दुकान मांडणं झालं, माणूस जन्माचा व्यसनी होणार. दुसरा पक्ष माहितीपत्रकातल्या हसऱ्या आजोबांकडे बोट दाखवतो: ऑपरेशन झालं, दुखणं गेलं, आजोबा बागेत. दोघेही ठामपणे बोलतात आणि दोघांचंही चुकतं.

आधी पहिल्यांचा समाचार. मॉर्फीनची गोळी पोटात गेली की औषध रक्तावाटे अंगभर हिंडतं. डोक्याला गुंगी येते, कोठा बांधला जातो आणि मज्जारज्जूपर्यंत औषध पोचतं ते नावापुरतं. दुखण्याचे निरोप मात्र मज्जारज्जूतच अडवता येतात, हे याक्श आणि रूडी या संशोधकांनी १९७६मध्ये उंदरांवर दाखवलं. १९७९मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी कॅन्सरच्या पेशंटांच्या मज्जाद्रवात मॉर्फीन देऊन पाहिलं आणि पुढच्या काही वर्षांत ते सतत सोडणारे पंप पोटात बसू लागले. तोंडावाटे ३०० मिलिग्रॅम मॉर्फीन लागतं तिथे कण्यात सुमारे १ मिलिग्रॅम पुरतं, असा डॉक्टरांचा ढोबळ हिशेब आहे. ज्याला नशाच करायची आहे, तो डॉक्टरच्या यंत्राशिवाय न बदलणारा, थेंबाथेंबाने पाझरणारा डोस कशाला शोधेल? शरीराला औषधाची सवय होते आणि डोस वाढवावा लागतो, हे खरं. पण म्हणून कोणी त्या पेशंटला नशेबाज म्हणत असेल, तर तो पेशंटवर अन्याय आहे.

शिवाय या पंपात प्रत्येक वेळी अफूचंच औषध असतं असंही नाही. मज्जारज्जूची इजा किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस यांमुळे पाय लाकडासारखे ताठ झालेल्यांसाठी त्यात बॅक्लोफेन भरतात. अमेरिकेत त्याला १९९२मध्ये परवानगी मिळाली. २००४ साली मंजूर झालेलं झिकोनोटाइड तर समुद्रातल्या शंकू-गोगलगायीच्या विषावरून बनवलेलं आहे. त्याने श्वास मंदावत नाही, पण भ्रम होऊ शकतात, म्हणून तेही जपूनच द्यावं लागतं.

आता हसऱ्या आजोबांकडे वळू. पंप बरगड्यांखाली, पोटाच्या कातडीच्या आत बसतो. त्यातून निघालेली बारीक नळी कंबरेला वळसा घालून कण्यात शिरते. ही नळी जागेवर रुजेपर्यंत साधारण सहा आठवडे वाकायचं नाही, कंबर पिळायची नाही, बादलीही उचलायची नाही. मज्जाद्रव गळला तर उठून बसताच डोकं ठणकतं आणि आडवं झालं की थांबतं. पंपाभोवती पाणी साचलं तर पट्टा बांधून ठेवावा लागतो. आणि सगळ्यात मोठी जोखीम पहिल्या दिवसातच असते. पंपाच्या निर्मात्या मेडट्रॉनिक कंपनीच्याच संशोधकांनी २००९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अफूवर्गीय औषधांचा पंप बसवल्यावर तीन दिवसांच्या आत ०.०८८ टक्के आणि महिन्याभरात ०.३९ टक्के पेशंट दगावल्याचं दिसलं. मंदावलेला श्वास हे त्यामागचं एक संभाव्य कारण. ‘आज बसवा, संध्याकाळी घरी जा’ हे इथे चालणार नाही, रात्रभर कोणीतरी श्वास मोजत बसलं पाहिजे.

टाके सुकल्यावर खरं काम सुरू होतं. टाकीत औषध मावतं २० किंवा ४० मिलिलिटर, त्यामुळे एक ते तीन महिन्यांनी ती भरावी लागते. डॉक्टर पोटावर साचा ठेवून मधलं भोक हुडकतात, कातडीतून सुई घालून पंपाच्या रबरी झाकणात शिरतात आणि उरलेलं औषध आधी बाहेर काढून मोजतात. ते यंत्राने दाखवलेल्या आकड्याशी जुळलं, तरच नवं भरायचं. सुई चुकून पंपाबाहेर रिकामी झाली तर महिनाभराचं मॉर्फीन तासाभरात अंगात उतरतं. उलट बॅक्लोफेनची टाकी कोरडी पडली तर ताप, प्रचंड ताठरपणा, प्रसंगी मृत्यू. यंत्रही निर्दोष नाही: २०१५मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मेडट्रॉनिकच्या सिंक्रोमेड पंपांचं उत्पादन आणि वितरण न्यायालयाच्या संमती-आदेशाने जवळपास थांबवलं होतं, अत्यावश्यक पेशंटांपुरता अपवाद ठेवला.

मग पंप मोडीत काढायचा का? मुळीच नाही. २००२च्या एका चाचणीत २०२ कॅन्सरपेशंट घेतले होते. पंपाच्या गटात ८४.५ टक्क्यांना ठरवलेला गुण आला, केवळ औषधांच्या गटात ७०.८ टक्क्यांना. वेदनेतला फरक त्यामानाने बेताचा. डोळ्यांत भरतो तो औषधांच्या दुष्परिणामांतला. ते पंपाच्या गटात ५० टक्क्यांनी उतरले, दुसऱ्या गटात १७ टक्क्यांनी. चाचणीला पैसा पंपवाल्या कंपनीचा होता, हे वाचताना ध्यानात ठेवावं. तरीही जागेपणी नातवंडांशी बोलता येणं हा आकडा कॅन्सरच्या घरात फार मोठा असतो. कॅन्सरच्या वेदना आणि हट्टी ताठरपणा, या दोन ठिकाणी पंपाची बाजू भक्कम आहे. वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीत ती तितकी भक्कम नाही, तिथे आधी तात्पुरत्या नळीने चाचणी घेतल्याशिवाय सुरी उचलूच नये.

महाराष्ट्रापुरता प्रश्न निराळा आहे. नंदुरबारच्या पेशंटाला मुंबईत पंप बसवता येईल, पण दर दोन महिन्यांनी तो भरणार कोण आणि कुठे? आपल्याकडे २०१४मध्ये अंमली पदार्थांचा कायदा सुधारून मॉर्फीन रुग्णालयांपर्यंत पोचवणं सोपं करण्याचा प्रयत्न झाला, तरी गावोगावच्या पेशंटाला साधी गोळीसुद्धा सहज मिळत नाही. ज्याच्या हाती काही आठवडेच आहेत, त्याच्यासाठी कातडीखालून फिरवलेली नळी आणि बाहेर लावलेला साधा पंप हा कमी खर्चाचा मार्ग आहे. पोटात पंप सुचवणाऱ्या डॉक्टरने संमतिपत्राबरोबरच पुढच्या वर्षभराच्या भरणीच्या तारखा, जवळच्या भरणी केंद्राचा पत्ता आणि रात्री दोनला पंपाचा गजर वाजला तर फोन करायचा नंबर लिहून द्यावा. हे देता येत नसेल, तर नातेवाइकांनी सही करण्याची घाई करू नये.