पडद्यावरची करणी



कुटुंबाच्या या पानावर आपण मुलांचे शिक्षण, घरातील आजारपण, बचत अशा विषयांवर नेहमी बोलतो. आज एका भामटेगिरीबद्दल बोलायचे आहे. ती दार फोडून घरात शिरत नाही, हातातल्या फोनमधून शिरते. म्हणून घरातल्या थोरांनी आणि पोरांनी हा मजकूर एकत्र बसून वाचावा, अशी आमची विनंती आहे.

महाडच्या खाडीपट्ट्यातले तुडील घ्या, नाहीतर पोलादपूरकडची एखादी वाडी घ्या. घरातला कोणी ना कोणी मुंबईला असतो. त्याने नवा फोन घेतला की जुना गावी आईकडे येतो. भाच्याचा वापरून झालेला लॅपटॉप कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडे येतो. त्याच एका फोनवर मुलीचा अभ्यास असतो, वडिलांची पेन्शन जमा झाल्याचा निरोप येतो आणि आई महिला बचत गटाची खजिनदार असेल तर गटाचे व्यवहारही त्यावरच होतात. एका घराचेच नव्हे, दहा-बारा घरांचे पैसे त्या फोनच्या आधारावर असतात.

आता समजा, ही मुलगी जुन्या प्रश्नपत्रिका शोधते आहे. एका ठिकाणी बोट लागते आणि एकदम पडदा लाल होतो. भोंगा वाजू लागतो. "तुमच्या यंत्रात पाच व्हायरस सापडले आहेत. बँकेची माहिती चोरीला जात आहे. यंत्र बंद करू नका. ताबडतोब या क्रमांकावर फोन करा." खाली मोठ्या नामांकित कंपनीचे चिन्ह असते आणि सेकंद उलटे मोजणारे घड्याळही असते. पान बंद करायला जावे तर ते बंद होत नाही. मुलगी घाबरते, वडिलांना हाक मारते. वडीलही घाबरतात आणि त्या क्रमांकावर फोन लावतात.

इथपर्यंत काहीही बिघडलेले नसते. व्हायरस नसतो, चोरी झालेली नसते. खरी चोरी त्या फोननंतर सुरू होते.

पलीकडचा माणूस गोड बोलतो. एक अॅप उतरवून घ्यायला सांगतो. दूरवरून दुसऱ्याचे यंत्र चालवण्यासाठी एनीडेस्क, टीमव्ह्यूअर अशी साधने असतात. ती मुळात कामाचीच आहेत, पण भामटे त्यांचा गैरवापर करतात. एकदा परवानगी दिली की आपला पडदा त्याला दिसतो, आपला ओटीपीही दिसतो. लॅपटॉप असेल तर तो संगणकाची एक नोंदवही उघडून दाखवतो. तीत लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी असते. असल्या बारीकसारीक नोंदी प्रत्येक धडधाकट संगणकात असतात, पण तो म्हणतो, "बघा, किती कीड लागली आहे!" मग दुरुस्तीची फी मागतो, नाहीतर बँकेचे खाते "सुरक्षित करायला" उघडायला लावतो.

आपल्या वाचकांना ही रीत अगदीच अनोळखी वाटू नये. "तुमच्या घरावर करणी झाली आहे," असे सांगणारा भगत आणि करणी उतरवायचे पैसे घेणारा भगत एकच असतो. घरात कोणाला ताप आला, म्हैस आटली, की तो ती खूण म्हणून दाखवतो. आपल्या वाडवडिलांनी विचारपूर्वक हा भगत दारातून घालवला. तो आता पडद्यावरून परत येऊ पाहत आहे. जो भीती घालतो तोच उपाय विकतो आहे असे दिसले, की तिथेच थांबावे.

ही चाल नवी नाही. विनफिक्सर या नावाने खोटी तपासणी दाखवून निकामी माल विकणाऱ्या टोळीविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ साली खटला भरला. १० लाखांहून अधिक ग्राहक फसल्याचे आयोगाचे म्हणणे होते. २०१२ साली न्यायालयाने १६ कोटी ३० लाख डॉलर भरण्याचा हुकूम दिला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ऑपरेशन चक्र-२ या मोहिमेत देशभर ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यातली काही प्रकरणे मायक्रोसॉफ्ट आणि अॅमेझॉन यांच्या तक्रारींवरून होती. त्यांच्या नावाने खोटे मदत केंद्र चालवून परदेशी लोकांना लुबाडल्याचा तो आरोप होता.

या व्यवहाराची दुसरी बाजूही आपल्याला पाहिली पाहिजे, कारण फोनच्या त्या टोकाला बसवलेली मुले पुष्कळदा आपल्यासारख्याच घरांतली असतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. ७०० हून अधिक जणांना ताब्यात घेतले, सुमारे ७० जणांना अटक केली. तिथून अमेरिकेतल्या लोकांना करखात्याच्या नावाने दम दिला जात असे. भीती वेगळी, साचा तोच. पोलिसांनी मुख्य सूत्रधार म्हटलेल्या सागर ठक्कर याला अटक व्हायला एप्रिल २०१७ उजाडला. नोकरीला लागलेली पोरे मात्र पहिल्याच रात्री पोलिसांच्या हाती लागली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये इगतपुरीजवळच्या एका रिसॉर्टमध्ये सीबीआयने असेच केंद्र पकडले. अॅमेझॉनच्या मदत सेवेचे नाव सांगून तिथून परदेशात फोन जात होते.

तेव्हा गावाकडून मुंबई-पुण्याला गेलेला मुलगा "कॉल सेंटरला लागलो" म्हणाला, तर आनंद मानावाच. पण दोन प्रश्नही विचारावेत. नेमणुकीचे पत्र मिळाले का? फोनवर स्वतःचे नाव आणि कंपनीचे खरे नाव सांगतोस का? खोटे नाव घेऊन लोकांना घाबरवायचे काम असेल, तर ती नोकरी नव्हे. संगणकाच्या साह्याने तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड प्रमाणे ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. कष्टाने शिकवलेल्या पोराच्या नावापुढे हे लागू नये.

आता खोटा इशारा ओळखायचा कसा? वेबसाइटचे पान आपल्या यंत्राच्या आत डोकावून व्हायरस मोजू शकत नाही. पडद्यावर व्हायरसचा आकडा आणि शेजारी फोन क्रमांक दिसला, की तो इशारा खोटा समजावा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीही नसतो, हे त्या कंपनीनेच सांगितले आहे. भोंगा, उलटे घड्याळ आणि "बंद करू नका" हा हुकूम, या तिन्ही गोष्टी आपल्याला विचार करायला वेळ मिळू नये यासाठीच असतात.

असे पान आले तर कुठेही बोट लावू नये, "रद्द करा" या खुणेवरसुद्धा नाही. फोनवर उघडलेल्या सगळ्या अॅपची यादी आणून ते ब्राउझर बाजूला सरकवून बंद करावे. संगणकावर एस्केपची कळ थोडा वेळ दाबून धरावी. तेवढ्याने न भागल्यास कंट्रोल, आल्ट आणि डिलीट एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. तेही न जमल्यास चालू-बंद करण्याचे बटण दाबून धरून यंत्रच बंद करावे. पुन्हा सुरू केल्यावर "आधीची पाने उघडू का?" असे विचारले तर नाही म्हणावे. इशारे वारंवार येत असतील, तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन अनोळखी साइटला दिलेली सूचनांची, म्हणजे नोटिफिकेशनची, परवानगी काढून टाकावी. विंडोजमध्ये डिफेंडर आणि अँड्रॉइड फोनमध्ये प्ले प्रोटेक्ट ही तपासणीची सोय मोफत असते. शंका वाटली तर तीच वापरावी. व्हॉट्सअॅपवर आलेले "व्हायरस साफ करणारे" अॅप कधीही उतरवू नये.

आणि फोन लावून बसलो असू तर? प्रथम इंटरनेट तोडावे. बँकेला कळवून खाते व कार्ड थांबवावे. लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार द्यावी. काळाराम मंदिर सत्याग्रहाचे साल ज्याला पाठ आहे, त्याला हा क्रमांक वेगळा पाठ करावा लागणार नाही. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार करता येते आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही. तक्रार लवकर गेली तर पैसे पुढे सरकण्याआधी वाटेतच गोठवता येतात. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेले तत्त्वही ध्यानात ठेवावे: ग्राहकाच्या हातून पिन किंवा ओटीपी गेला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. त्यानंतर ते अॅप काढून टाकावे, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलावेत, आलेले निरोप आणि क्रमांक मात्र पुसू नयेत. काही दिवसांनी "तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो" असा फोन आला, तर तोही त्यांच्यातलाच समजावा.

शेवटी पालकांना एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. असा प्रसंग घडला की घरात पहिला राग मुलीवर निघतो. "तूच काहीतरी दाबलेस," म्हणून फोन काढून घेतला जातो आणि त्यासोबत तिचा अभ्यासही थांबतो. शिवाय पुढच्या वेळी ती सांगणारच नाही आणि जे पैसे वाचले असते तेही जातील. म्हणून तिला रागावू नका, उलट "लगेच सांगितलेस, बरे केलेस," असे म्हणा. येत्या रविवारी विहारात मंडळी जमतील तेव्हा वाडीतल्या शिकलेल्या मुला-मुलींनी वडीलधाऱ्यांना पान कसे बंद करायचे ते हातात फोन देऊन दाखवावे. आणि घरी जिथे लाईट बिल अडकवता, तिथे भिंतीवर मोठ्या आकड्यांत १९३० लिहून ठेवावे.