तेलाची पिशवी उलटून बघता का?



बिस्किटाचा पुडा घेताना आपण चष्मा लावून मागची बारीक अक्षरे वाचतो. हिरवा ठिपका आहे ना, कांदा-लसणाची पावडर नाही ना, सगळे तपासतो. तेल घेताना मात्र दुकानदाराला एवढेच सांगतो, "नेहमीचं द्या." वीस-वीस वर्षे एकच नाव! ही निष्ठा नक्की कशावर आहे?

तेलावर नसावी. रिफाइंड करताना तेलाचा मूळ वास, रंग आणि चव जवळजवळ काढूनच टाकतात. दोन कंपन्यांच्या सूर्यफूल तेलातल्या पुऱ्या समोर ठेवल्या तर कुठली कशातली, हे मला तरी ओळखता येणार नाही. मग राहते ते पिशवीवरचे नाव आणि "कोलेस्टेरॉल फ्री" ही ओळ. शेंगदाणा, करडई, सोयाबीन, कुठल्याही बियांच्या तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असते. पाण्याच्या बाटलीवर "साखर नाही" लिहावे, तसलाच प्रकार.

शिवाय नाव तेच राहून आतले तेल बदलते. सफोला म्हटले की आपल्या सासवांना करडई आठवते. आज सफोला गोल्डमध्ये मुख्यतः राइस ब्रान, म्हणजे तांदळाच्या कोंड्याचे तेल असते. यात लपवाछपवी नाही, पिशवीवर छापलेले असते. मिश्र तेलात प्रत्येक तेल किमान 20 टक्के हवे, असा नियमच आहे. म्हणजे दोन तेलांच्या मिश्रणात चित्रातल्या फुलाचे तेल 20 टक्के आणि दुसरेच 80 टक्के, हे नियमात बसते. वाचायचे कुणी?

आपल्याकडे पिठाची मर्यादा दिवसांत मोजतात, तेलाची मात्र चव बिघडेपर्यंत. ही परीक्षा नाकाने आणि जिभेने करायची. रसपरित्यागात तेल सोडायचे, तर त्यालाही तेलाला काही रस असावा लागतो! माझे मत घाण्याच्या तेलाकडे झुकते ते यामुळेच. दाणे आपण निवडून देतो, किडका दाणा, जीवजंतू आपल्या डोळ्यांखालून जातो.

पण सुटे तेल म्हणजे शुद्ध, असेही मी म्हणणार नाही. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली आणि माणसे दगावली. बंद पिशवीवर लोकांचा विश्वास बसला, त्याला अशी कारणे आहेत. सगळ्यांना घाण्याचे तेल परवडतही नाही.

घाण्याचे घेणार असाल तर एक हिशेब करून जा. किलोभर तेलाला साधारण अडीच किलो शेंगदाणे लागतात. त्यांच्या भावातून पेंडेचे पैसे वजा करा. त्याहूनही स्वस्त "शुद्ध घाण्याचे" तेल कुणी देत असेल, तर त्याला विचारा, बाकीचे काय घातले आहे?